व्हर्ना आत्याचं वय

टोबी ऑस्ट्रँडरच्या खोलीत थुंकायला जागा नव्हती. लाइल बर्केटचं त्या खोलीशी बिनसलं ते इथूनच.

मैदानावर माणूस हवा तिथे थुंकतो. खेळाडू बसतात त्या खड्ड्यात तर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि चघळून टाकलेलं च्युइंगगम यांचा असा थर साचलेला असतो, की नवे बूट घालून आलेला माणूस तिसऱ्या पावलाला बुटातून बाहेर येतो. त्याचं लाइलला सोळा वर्षांत कधी काही वाटलं नव्हतं. पण या खोलीतला पांढरा गालिचा, कोपऱ्यातली कुंडी आणि हवेतला लिंबाचा वास यांनी त्याला मळमळायला लागलं.

"बसा, मिस्टर बर्केट," टोबी म्हणाला. तो सव्वीस वर्षांचा होता, भौतिकशास्त्र शिकून संघाचे आकडे मांडणारा, आणि वाडग्यातले कोरडे पोहे एकेक उचलून खात होता. आयुष्यात त्याने बेसबॉल एकदाच फेकला होता. तो त्याच्याच पायावर पडला होता. "आकडा बरा नाहीये."

"किती?"

"उणे शून्य पूर्णांक चार."

"माणसांच्या भाषेत सांग."

"तुमच्या जागी कुणीही उभा केला, तर त्याच्यापेक्षा तुम्ही जरासे वाईट."

"कुणीही म्हणजे कोण?"

"कुणीही. आम्ही असा एक माणूस धरून चालतो. खालच्या लीगमधून एका फोनवर येईल असा. त्याची किंमत शून्य."

"नाव काय त्याचं?"

"नाव नसतं."

"राहतो कुठे?"

"तो नाहीचे, मिस्टर बर्केट."

"म्हणजे जो नाहीच, तो माझ्यापेक्षा बरा फेकतो."

टोबीने प्रामाणिकपणे विचार केला. "येत्या मोसमात. गेल्या मोसमात तुम्ही त्याच्या बरेच पुढे होतात." त्याच्या मते हा दिलासा होता.

लाइल नॉरवूड हेरन्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. मार्चच्या नऊ तारखेला त्याला अडतीस पूर्ण होणार होती. त्याचा वेगाचा चेंडू कधीच आटला होता, आणि तो जगत होता तो वळणाऱ्या चेंडूवर. तो चेंडू बॅटरच्या छातीच्या दिशेने निघायचा, आणि मध्येच घरी काहीतरी विसरल्यासारखा खाली गुडघ्याशी जाऊन पडायचा. शुक्रवारी सकाळी नऊला टोबीची यादी वरच्या मजल्यावर, संघाच्या साहेबांकडे जाणार होती. संघात पिचरची एकच जागा उरली होती, आणि ती यादीवर ठरणार होती.

जागा गेली तर लाइलला आयोवात परतायचं होतं. तिथे त्याचा मेहुणा वेंडेल डुकरिणींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या विकायचा. धंदा जोरात होता. वेंडेलने नाताळातच पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून पाठवली होती: 'लाइल बर्केट, विभागीय विक्री प्रतिनिधी', आणि बाजूला हसणारी डुकरीण. लाइल डुकरांतच वाढला होता. बारा वर्षांचा असताना त्याने हातात चेंडू घेतला तोच त्या वासापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायला. फ्लोरिडापर्यंत पोचला होता, म्हणजे काही वाईट नाही. आणि आता ती डुकरीण पाचशे वेळा हसत त्याला परत बोलावत होती.

"हा आकडा आणलास कुठून?" त्याने विचारलं.

टोबीने पडदा त्याच्याकडे वळवला. साठ वर्षांत जेवढे पिचर झाले तेवढे सगळे यंत्रात भरलेले. यंत्र त्यातले सदतिसाव्या वर्षी हुबेहूब लाइलसारखे असणारे दहा जण शोधून काढायचं, आणि अडतिसाव्या वर्षी त्यांचं काय झालं ते बघायचं. त्यावरून लाइलचं काय होणार ते कळायचं.

"पहिला बघा. जीन प्रुइट. साम्य शंभरात सत्त्याण्णव. एवढं साम्य मी सहा वर्षांत पाहिलं नाही. उंची, वजन, किती बाद केले, किती फुकट सोडले, वर्षामागून वर्ष तुमच्या पावलावर पाऊल. म्हणजे तुमचं पाऊल त्याच्यावर. सदतिसाव्या वर्षी चौदा सामने जिंकला. अडतिसाव्या वर्षी मेच्या मध्यापासून..." टोबीने एक पोहा उचलला, बघितला आणि परत ठेवला. "फुगा फुटल्यासारखं झालं."

"का?"

"वय."

"कशावरून?"

"तो अडतीस वर्षांचा होता."

लाइलने त्या कुंडीकडे बघितलं. तिच्यात थुंकता आलं असतं, पण झाड प्लास्टिकचं होतं.

"समजा, वय नसेल. समजा जिन्यावरून पडला असेल, बायको पळून गेली असेल, गाढवाने लाथ मारली असेल. मग?"

"मग मी त्याला यादीतून काढतो," टोबी लगेच म्हणाला. "बाहेरचं कारण असेल तर तो नमुना चुकीचा. प्रुइटशिवाय तुमचा आकडा..." त्याने दोन कळा दाबल्या. "अधिक शून्य पूर्णांक सहा. तुम्ही कुणीहीच्या वर. जागा तुमची."

"जिवंत आहे का तो?"

"तेवढं यंत्रात नाही."

तेवढं फोनच्या डिरेक्टरीत होतं. प्रुइट जिवंत होता, आणि गाडीने दीड तासावर ओकीचोबी तळ्याकाठी राहत होता.

* * *

बुधवारी सुट्टी होती. लाइलबरोबर चुय आर्मेंदारिसही निघाला. चुय त्याचा कॅचर, म्हणजे त्याने फेकलेले चेंडू झेलणारा. चोवीस वर्षांचा, दार अडेल एवढा रुंद, आणि पाच मिनिटं गप्प बसला तर डॉक्टरला बोलवावं लागेल असा.

"आजोबा, मला हे सांगा," चुय वाटेत म्हणाला. "तुम्ही शंभरात सत्त्याण्णव तो म्हातारा आहात. म्हणजे आपण आत्ता तुम्हालाच भेटायला चाललोय."

"तोंड बंद कर."

"तुम्ही घरी नसलात तर?"

लाइलने सवयीने अंगठा टोपीच्या कडेखालून फिरवला, दोन बोटांवर चोळला आणि मग ती बोटं जिभेला लावली. प्रत्येक चेंडूआधी तो हेच करायचा. कडेखाली, आतल्या बाजूला, एक तपकिरी लेप असायचा. तो लेप नियमात बसत नव्हता, म्हणून टोपीखाली बसायचा. ओरेन डॅब्नी नावाच्या त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने अकरा वर्षांपूर्वी त्याला पहिली डबी दिली होती, "माझा स्वतःचा शोध आहे, आईलासुद्धा सांगू नकोस" असं बजावून. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आर्कन्सातून डबी यायची. बोट चिकट झालं की चेंडूला फिरकी बसायची, आणि चेंडूला घरी विसरलेलं आठवायला लागायचं. चव कडवट, औषधासारखी. लाइलला आवडायची. फक्त जानेवारीत आलेली डबी जरा पाणचट होती. बोटावर धरतच नव्हती. जुनीतलं तळाचं तेवढं खरवडून तो भागवत होता.

"टीव्हीवर तुमची नक्कल करायला लागलीत पोरं," चुय म्हणाला, आणि अंगठा, बोटं, जीभ असं करून दाखवलं. "मांजर तोंड धुतं तसं."

प्रुइटचं घर म्हणजे विटांवर चढवलेली, चाकं काढलेली, डब्यासारखी लांब गाडी होती. दारात चौऱ्याहत्तर वर्षांचा एक उघडाबंब म्हातारा इस्त्रीच्या टेबलावर मासे साफ करत होता. आतडी तो बादलीत टाकायचा. चारात एक नेम चुकायचा, आणि खाली मांजर वाट बघत बसलेलं होतं. टेबलाच्या टोकाला कॉफीचे दोन सारखे डबे. एकातून तो प्यायचा आणि दुसऱ्यात तंबाखू थुंकायचा. कुठल्यात काय, हे तोही उचलण्याआधी वास घेऊन ठरवत होता. चुयला कॉफी विचारण्यात आली. तहान लागलेली नाही, असं चुय आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

"तुम्हाला पाठवलं कुणी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कंप्युटरने," लाइल म्हणाला. "तो म्हणतो तुम्ही आणि मी शंभरात सत्त्याण्णव सारखे."

प्रुइटने त्याला टाचेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "अरेरे," तो म्हणाला. "बिचारा."

आतून त्याची बायको डोरीन हात पुसत आली. बुटकी, जाड चष्म्याची बाई. तिनेही लाइलकडे एकदा बघून घेतलं. "आणि उरलेले तीन?"

"केस," म्हातारा म्हणाला.

लाइलने वेळ घालवला नाही. "मिस्टर प्रुइट, अडतिसाव्या वर्षी तुमचं काय झालं?"

"खांदा," प्रुइट म्हणाला, आणि खांद्यावर हात ठेवून त्याने जुनी कळ आठवल्यासारखा चेहरा केला.

"जीन," डोरीन म्हणाली, "तू उजव्या हाताने फेकायचास."

प्रुइटने डाव्या खांद्यावरचा हात काढून उजव्यावर ठेवला.

"छत्तीस वर्षं झाली रे. आता कोण तुरुंगात टाकणार आहे तुला? दाखव त्यांना डबी."

म्हातारा कुरकुरत आत गेला आणि गंजलेली, चपटी पत्र्याची डबी घेऊन आला. रिकामी होती. झाकण उघडल्याबरोबर वास आला. चुयने नाक पुढे केलं, मागे घेतलं, आणि लाइलकडे बघितलं.

"आजोबा," तो हळू म्हणाला. "हा माझ्या हातमोज्याचा वास आहे."

"मला माहीत नाही तू काय—"

"तुमचा चेंडू मोज्यातून काढायला मला दोन्ही हात लागतात. मला वाटायचं प्रेमाने चिकटतो."

प्रुइटचा सुरा हवेतच थांबला. "डबी कुणी दिली तुला, पोरा?"

"ओरेन डॅब्नीने. त्याचा स्वतःचा शोध आहे."

"डॅब्नीचा!" म्हातारा एवढ्या जोरात ओरडला की मांजर बादलीत पडलं. "पाच वर्षं माझ्या शेजारी बसायचा तो भामटा! माझी एक अख्खी डबी गेली होती, आणि कपाटातला कृतीचा कागद दोन दिवस गायब होता. शोध! डॅब्नीला स्वतःचे बूट शोधता यायचे नाहीत."

तो मलम डोरीनच्या व्हर्ना आत्याचा होता. अलाबामात तिच्या गाई होत्या. गाईचे सड फुटले की त्यावर फडकं चिकटवायला आत्या तो शिजवायची. चिकटला की चिकटला. एकदा पाद्र्याच्या विजारीला लागला, आणि पाद्री प्रार्थना संपल्यावरही बाकावरून उठेना. लोकांना वाटलं साक्षात्कार झाला, म्हणून तेही उठले नाहीत. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात प्रुइटने त्यातला थोडा चेंडूला लावून पाहिला, आणि पुढची तेरा वर्षं त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"मग आत्या गेली," डोरीन म्हणाली. "जानेवारीत. एक्क्याऐंशीची होती. याच्याकडे डब्या होत्या पाच. एक डॅब्नीने नेली. उरलेल्या चार संपल्या पंधरा मेला."

"बारा मेला," प्रुइट म्हणाला. "मंगळवार होता."

लाइलला एकदम हलकं वाटलं. यंत्राने मोजला होता तो प्रुइटचा खांदा नव्हताच. म्हाताऱ्याचं वय अडतीस होतं, पण संपलं होतं ते एक्क्याऐंशीचं वय. सगळी घसरगुंडी व्हर्ना आत्याची होती. हे बाहेरचं कारण नाही तर काय?

"पण मग तुम्ही स्वतः का नाही शिजवलात?" चुयने विचारलं. "कागद होता ना?"

"एकोणीस वेळा," प्रुइट म्हणाला. "पाइनचा डिंक, मेण, थोडं रॉकेल. आत्याच्या अक्षरात, मापासकट. एकोणीस पातेली, एक स्वयंपाकघर आणि अर्धी मिशी गेली. एकदाही चिकटलं नाही. ते का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही."

डोरीनने चष्मा काढला, पदर नसल्यामुळे झग्याला पुसला, आणि परत घातला. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

बादलीतून मांजर बाहेर आलं.

"आत्या ढवळताना तंबाखू चघळायची. दर दहा मिनिटांनी थुंकायची. दारापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून पातेल्यातच. एकदा तिचा दात दुखत होता, तंबाखू नव्हती, आणि त्या दिवशीचा मलम चिकटला नाही. तेव्हा आम्हाला कळलं. कागदावर ती कशी लिहील ते? चांगल्या घरची बाई होती."

"छत्तीस वर्षं," प्रुइट म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी भिंतीवर डोकं आपटत होतो, डोरीन. तू शेजारी उभी राहून बघत होतीस. मी दिवसाला पुडा खातो! मला नुसतं वाकून थुंकायचं होतं!"

"हो."

"चार वर्षं अजून खेळलो असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं," डोरीन म्हणाली. "तेरा उन्हाळे तू घरी नव्हतास. मला एक हवा होता." तिने टेबलामागच्या म्हाताऱ्याकडे, माशांकडे, दोन डब्यांकडे बघितलं. "मग हे छत्तीस मिळाले."

लाइलचं तिकडे लक्ष नव्हतं. तो जिभेचा विचार करत होता. अकरा मोसम, मोसमाला पावणेतीन हजारांच्या आसपास चेंडू. तीस हजार वेळा. अंगठा, बोटं, जीभ. आणि पातेल्यावर वाकलेला, ढवळणारा ओरेन डॅब्नी त्याला आता समोर दिसत होता. डॅब्नीच्या खालच्या ओठात कायम तंबाखूची गोळी असायची, हनुवटीवर एक तपकिरी ओघळ, आणि दारापर्यंत तर काय, डॅब्नी जेवणाच्या टेबलापर्यंतही कधी आपणहून उठला नव्हता.

"पाणी," लाइल म्हणाला.

प्रुइटने नेहमीच्या सवयीने एक डबा पुढे केला. लाइल झुडपामागे जाऊन ओकला.

निघताना म्हातारा गाडीपर्यंत आला. "त्या तुझ्या पोराला हे काही सांगू नकोस. हे घे." माशांच्या गळाच्या पावतीमागे त्याने लिहिलं होतं: 'अडतिसाव्या वर्षी माझ्या बोटात गळ घुसला होता. शपथेवर. जीन प्रुइट.' "मी नाही सुटलो, तू तरी सूट." आणि मागे डोरीन उभी आहे का बघून तो हळूच म्हणाला, "थुंकणारं कोणी असलं ना, तर सांभाळ त्याला."

गाडीत बसल्यावर लाइलने डॅब्नीला फोन लावला. डॅब्नी त्र्याऐंशीचा होता, आणि खुशीत होता.

"लाइल, राजा! तब्येत? उत्तम! नाताळात डॉक्टरने तंबाखू सोडवली. आता सगळ्याची चव लागते. काल गाजर खाल्लं! जानेवारीची डबी मिळाली ना? कशी आहे?"

"पाणचट," लाइल म्हणाला.

"नवल आहे. बदल तर काहीच केला नाही."

लाइलने फोन ठेवला. यंत्राला आत्या माहीत नव्हती, डॅब्नी माहीत नव्हता, गाजर तर नाहीच नाही. तरी ते मेच्या मध्यावर बोट ठेवून बसलं होतं.

"म्हणजे सत्त्याण्णव टक्के ती थुंकी होती," चुय बऱ्याच वेळाने म्हणाला. त्याने हिशोब चांगला केला होता. "आजोबा, तीनच टक्के तुम्ही."

* * *

गुरुवारी सकाळी पावती लाइलच्या खिशात होती. ती टोबीच्या हातात दिली की जागा पक्की होती. जुन्या डबीच्या तळाशी दोन बोटं माल होता. एप्रिल निघाला असता. पुढचं पुढे. डॅब्नीला गुपचूप तंबाखूचा पुडा पाठवला, तर जूनही. लाइलने रात्री पाठवायची पेटीसुद्धा मनातल्या मनात बांधली होती.

सराव सुरू झाला. तो मातीच्या उंचवट्यावर चढला. समोर चुयने मोजा उघडला. मागे टोबीचे कॅमेरे फिरकी मोजत होते. लाइलने अंगठा टोपीच्या कडेखाली घातला, दोन बोटं वर उचलली, आणि ती ओठांपासून इंचभर अलीकडे थांबली.

हा सदसद्विवेकाचा प्रश्न नव्हता. सदसद्विवेक त्या डबीबरोबर अकरा वर्षं सुखाने नांदला होता. प्रश्न पोटाचा होता. बोटं पुढे गेली, डॅब्नीची हनुवटी दिसली, आणि लाइल उंचवट्यावरच ओणवा झाला. सकाळचं ऑम्लेट, दोन सॉसेज आणि संत्र्याचा रस कुलूपबंद तिजोरी फुटावी तसे बाहेर आले. मैदान झाडणारा माणूस फावडं घेऊन आला, ढिगाकडे बघून म्हणाला, "सोळा वर्षं इथे आहे मी, थुंकलेलं सगळं पाहिलंय, हे नवीन," आणि माती लोटून गेला.

लाइलने परत प्रयत्न केला. पोटात आता काही नव्हतं, तरी पोटाने प्रयत्न सोडला नाही.

"आजोबा, जीभ सोडा," चुय जवळ येऊन कुजबुजला. "नुसतं बोट लावा ना टोपीला. चाटायचं कशाला?"

लाइलने नुसतं बोट लावायला हात वर नेला. बोटाला लेप चिकटला. अंगावरून झुरळ गेल्यासारखा काटा त्याच्या मानेपासून टाचेपर्यंत गेला. त्याने टोपी काढली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली. मग आत जाऊन तो सात मिनिटं हात धूत होता. भांड्यांचा साबण संपल्यावर फरशीचा घेतला. कपाटातून नवी टोपी घेऊन तो टोबीच्या पांढऱ्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"पंचवीस चेंडू मोज," तो म्हणाला. "हात बघ आधी."

टोबीने हात बघितले. ते उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते. "काय बघायचं यात?"

"काही नाहीये, ते बघ."

त्याने पंचवीस चेंडू फेकले. वळणारा चेंडू बॅटरच्या छातीच्या दिशेने निघायचा आणि छातीशी पोचायचा. वाटेत त्याला काही आठवायचं नाही. चुयने एकेक चेंडू झेलला, आणि प्रत्येक चेंडू मोज्यातून आपसूक खाली पडला. दहाव्यानंतर चुयने थट्टा करायचं थांबवलं, आणि लाइलला ते जास्त लागलं.

टोबी आकडे बघत बसला होता. मग त्याने लाइलला सगळं विचारलं, आणि लाइलने सगळं सांगितलं: प्रुइट, डॅब्नी, पातेलं, डोरीन, गाजर. गळाची पावतीही काढून टेबलावर ठेवली. "आता कुणाला कळवायचंय त्याला कळव. नियमाबाहेरचं आहे."

"नियम माझ्या तक्त्यात नाहीत," टोबी म्हणाला. तो टंकत होता. "मृत्यूच्या वेळी आत्याचं वय?"

"एक्क्याऐंशी."

"आणि तुमच्या आत्याचं?"

"माझी आत्या नाहीये. डॅब्नी आहे. त्र्याऐंशी."

"आत्याच म्हणू," टोबी म्हणाला. त्याने 'आत्या' नावाचा नवा रकाना काढला, दोन्ही आकडे घातले आणि कळ दाबली. यंत्र घरघरलं. टोबीचे डोळे मोठे झाले. "अंदाज सुधारला, मिस्टर बर्केट. चौदा टक्क्यांनी. इतकी वर्षं आम्ही चुकीच्या माणसांची वयं भरत होतो." त्याने फोन उचलला, आणि खालच्या कुणाला तरी सगळ्या पिचरांच्या आत्यांची यादी मागवली.

"माझं काय?" लाइल म्हणाला.

"हां. प्रुइट बाद. डबी बाद. नुसता तुमचा हात, आजचे पंचवीस चेंडू." त्याने कळ दाबली. मग परत दाबली. मग तो खुर्चीवरून उठला. लाइल आत आला तेव्हाही तो उठला नव्हता. "शून्य."

"शून्य काय?"

"शून्य पूर्णांक शून्य. अधिक नाही, उणे नाही." टोबीचा आवाज दबला होता, देवळात असतो तसा. "तुम्ही विचारत होतात ना, नाव काय त्याचं, राहतो कुठे. मिस्टर बर्केट, तो तुम्ही आहात. कुणीही. सहा वर्षं मी त्याच्याशी सगळ्यांची तुलना करतोय. मला वाटलं नव्हतं तो कधी प्रत्यक्ष भेटेल." आणि त्याने हात पुढे केला.

लाइलने त्या हाताकडे बघितलं. टोबीची बोटं पोह्यांच्या चुऱ्याने माखली होती. लाइलने तो हातात घेतला नाही.

शुक्रवारी नऊला यादी वर गेली. वरून नऊ वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. शून्यच घ्यायचं असेल तर तेवीस वर्षांचं घेऊ, असं त्यात होतं. तेवीस वर्षांचं शून्य दुपारपर्यंत बसने येऊन पोचलं. त्याला खालच्या लीगमधून एका फोनवर मागवलं होतं. चुयने त्याचा पहिला चेंडू झेलला, मोज्याचा वास घेतला, आणि काहीच वास न आल्यामुळे मान हलवली.

लाइलने कपाट रिकामं केलं. जुनी डबी आणि जानेवारीची डबी त्याने एकावर एक ठेवून पिंपात टाकल्या, आणि परत हात धुतले. आठवडाभर तो दिसेल त्या नळावर हात धूत होता. टेनेसीतल्या एका पेट्रोल पंपावर नळ सोडताना वेंडेलचा फोन आला.

"लाइल! कळलं मला. वाईट वाटलं. सोमवारी येतोस ना? कार्डं आहेत ना जवळ?"

"चारशे नव्व्याण्णव," लाइल म्हणाला. एक त्याने चुयला दिलं होतं. चुयला ती डुकरीण फार आवडली होती.

"बरं, एक विचारायचं राहिलं. हात कसे आहेत? आपल्या धंद्यात हाताचं काम असतं."

लाइलने पाण्याखालच्या हातांकडे बघितलं. कातडी सोलवटली होती, आणि नखांत कधी काळी काही होतं असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

"स्वच्छ आहेत," तो म्हणाला.

पलीकडे वेंडेल खो-खो हसला. "त्याचा इथे काय उपयोग?" तो म्हणाला. "ये तू. डबी देतो एक. बोटाला लावायची, मग सगळं सोपं जातं."